माझी प्रकृती ठणठणीत ठरवल्याबद्दल माझीच हरकत

प्रति,
माननीय हरकत अधिकारी,
देखभाल विमा कार्यालय,
लिंडेनरोडा, सॅक्सनी.

अर्जदार : श्रीमती इर्मट्राउट प्योशेल, वय ८३ वर्षे, राहणार वेबरगासे ९, तिसरा मजला, उजवीकडचे दार.

विषय : दि. १२ मार्च २०२४ रोजी माझ्या घरी झालेल्या तपासणीत मी केलेली उत्तम कामगिरी रद्द समजून फेरतपासणी करण्याबाबत, तसेच अहवालाच्या पृष्ठ सातवरील एक वाक्य दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. २६ मार्चचे नकारपत्र (एकूण गुण सव्वा अकरा).

माननीय महोदय,

वरील विषयास अनुसरून खाली सही करणारी अर्जदार आपणास विनंतीपूर्वक कळवते, ते असे :

१. मी आपल्या तपासनीस बाईंशी खोटे बोलले. हे वाक्य सर्वांत आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचे लिहायला हात वळेल. माझ्या हयातीत या गावावर तीन वेगवेगळ्या राजवटींनी कारभार केला. तिघींनीही माझ्याकडून नाना तऱ्हेचे कागद भरून घेतले, पण सरकारी माणसापुढे धडधडीत खोटे बोलण्याची वेळ मी स्वतःवर कधी आणली नव्हती. ती त्र्याऐंशीव्या वर्षी आणली, तीही माझ्याच स्वयंपाकघरात, समोरच्याला केक वाढून. मला याची अतिशय लाज वाटते.

२. गेल्या नोव्हेंबरात मी न्हाणीघरात पडले आणि खुब्याचे हाड मोडले. इस्पितळातून परत आल्यापासून माझे सर्व काही माझी मुलगी कारोला करते. 'सर्व काही' म्हणजे काय ते परिच्छेद सातमध्ये येईल. तिथपर्यंत पोचायला मला थोडा अवधी द्यावा.

कारोला अठ्ठावन्न वर्षांची आहे. ती गावातल्याच वृद्धाश्रमात देखभालीचे काम करते. म्हणजे लोकांच्या आयांना उठवते, धुते, पुसते, भरवते, आणि त्याला नोकरी म्हणतात. घरी येऊन तेच ती माझे करते, पण ते कायद्याच्या नजरेस येण्यासाठी आधी माझ्यावर देखभाल-श्रेणीचा शिक्का बसावा लागतो. तो शिक्का येणारच या भरवशावर वृद्धाश्रमाने तिला जानेवारीपासून अर्ध्या वेळेची सवलत दिली होती. शिक्का आला नाही. आता पहिल्या मेपासून तिने पूर्ण वेळ, सकाळी सहाच्या पाळीला हजर व्हायचे आहे, नाहीतर जागा सोडायची आहे. तिच्या निवृत्तीला अजून नऊ वर्षे आहेत आणि कंबर आताच गेलेली आहे. साडेतीनला उठून आधी मला धुवायचे, मग तिथे बाराजणींना, मग परत येऊन मला, असा तिचा बेत आहे. हा बेत मोडावा, एवढ्यासाठीच हा सगळा अर्ज आहे.

३. तपासणी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. एकतीस वर्षे मी एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. पातेले दिव्याखाली फिरवायचे, बोटाने कड चाचपायची, कुठे टवका उडालेला सापडला की ते बाजूला. बाजूला काढलेल्या भांड्यांचे पुढे काय होते, ते मी रोज बघत होते. त्यामुळे 'आमच्या तज्ज्ञ दि. १२ रोजी सकाळी दहा वाजता तपासणीस येतील' असे आपले पत्र आले, तेव्हा माझ्या डोक्यात एकच आले, की टवका दिसता कामा नये. पत्राचा पुढचा मजकूर मी वाचलाच नाही. कारोलाने वाचला आणि मला समजावूनही सांगितला. ती म्हणाली, "आई, घर कसंय ते बघायला नाही येत त्या. तुला काय काय जमत नाही ते बघायला येतायत. तू नेहमी असतेस तशी बस." मी म्हणाले, "नेहमीच्या अवतारात परक्या माणसासमोर कोण बसतं गं?"

त्यानंतर आठ दिवस मी सराव केला. याची कबुली तपशीलवार देते. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मी दोन उशा घालायला लावल्या. उशांवरून उठायला कमी जोर लागतो आणि वर झालरीचे कापड घातले की खालच्या उशा दिसत नाहीत. दोन्ही हात मानेमागे नेण्याचा सराव रोज शंभर आकडे मोजून केला. तारीख, वार आणि महिना पाठ करून ठेवले. कारोलाकडून पाचही खिडक्या धुऊन घेतल्या, पडदे उतरवून घेतले. जिना पुसायची पाळी त्या आठवड्यात खालच्या मजल्याची होती, तरी तोही तिलाच पुसायला लावला. वॉकर न्हाणीघरात ठेवून त्यावर टॉवेल वाळत घातले, म्हणजे तो टॉवेलचा घोडा वाटावा. अकरा बटणांचा माझा रेशमी ब्लाउज कारोलाने सकाळी नऊला मला घातला. बटणे तिने लावली. ती लावताना ती म्हणाली, "आई, हा नको ना घालू आज. गाउनवरच बस." मी तिला खांदे सरळ करायला सांगितले.

४. आपल्या तपासनीस लोझबाई वेळेवर आल्या. वयाने तशा लहानच, बोलायला गोड, बूट दाराबाहेर काढून आत आल्या. त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्यांनी विचारले, "सकाळी कपडे कोण घालतं तुम्हाला?" मी म्हणाले, "कोण म्हणजे? मीच की." त्या म्हणाल्या, "बटणंसुद्धा?" मी म्हणाले, "अकरा आहेत, मोजून घ्या." त्यांनी अंघोळीचे विचारले. मी म्हणाले, "रोज, आणि गार पाण्याने." त्यांनी केकची तारीफ केली. मी म्हणाले, "विकतचा कशाला आणू, हात आहेत की मला." केक आदल्या दिवशी कामावरून आल्यावर कारोलाने केला होता. ती तेव्हा ओट्यापाशी उभी होती, तिने तोंड खिडकीकडे फिरवले.

मग मी एका दमात खुर्चीतून उठून दाखवले. दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. हात मानेमागे नेले, आणि न विचारता वार, तारीख आणि लोझबाईंच्या येण्याची वेळ सांगितली. त्या गेल्यावर मी बसल्या जागेवरून हलू शकले नाही. कारोलाने आणि खालच्या मजल्यावरच्या त्सीम्सबाईंनी मिळून मला पलंगावर नेले. पुढचे तीन दिवस मी उठले नाही. परंतु ते तीन दिवस आपल्या अहवालात नाहीत, कारण तपासणी पावणे अकरालाच संपली होती.

५. आता मुख्य गुन्हा. आपल्याच कार्यालयाने पाठवलेल्या माहितीपत्रकात असे होते, की देखभाल करणाऱ्याने रोजची वही ठेवावी. कारोलाने ती नाताळानंतरच्या बुधवारपासून ठेवली होती. रोज एक पान, किती वाजता काय केले, किती मिनिटे लागली. तपासणीच्या दिवशी तिने ती वही उघडून वाचायला सुरुवात केली. 'पहाटे चादर बदलली, मोजे चढवले वीस मिनिटे', एवढेच तिचे वाचून झाले होते. माझ्या कानशिलात ऊन ऊन झाले. परक्या बाईसमोर माझ्या चादरीची गोष्ट निघाली होती. मी हसले आणि लोझबाईंना म्हणाले, "अहो, ही वृद्धाश्रमात कामाला ना, हिला जिकडे तिकडे रुग्णच दिसतात. लहानपणापासून हिला वाढवून सांगायची खोडच आहे."

लोझबाईंनी कारोलाकडे पाहिले. कारोलाने वही मिटली आणि त्यांना विचारले, "कॉफीत दूध घेता ना?"

अहवालाच्या पृष्ठ सातवर जे छापून आले आहे ते असे : 'मुलीचे कथन अतिरंजित वाटते. विमाधारकाचे स्वतःचे कथन सुसंगत व विश्वासार्ह आहे.' विश्वासार्ह हा शब्द माझ्याविषयी आहे. लोझबाई गेल्यावर कारोला मला इतकेच म्हणाली, "झालं आई. पास झालीस तू." त्यावर मी तिला सांगितले, की मग कपबश्या विसळून टाक.

६. आपले नकारपत्र आले तेव्हा कारोला कामावर होती. ते मी भिंग घेऊन वाचले. 'देखभालीची गरज आढळून आली नाही' हे वाक्य वाचून मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. पत्र मी कपाटाच्या काचेला लावले. दुपारी त्सीम्सबाई पाव घेऊन वर आल्या, त्यांनाही अभिमानाने दाखवले. चौतीस वर्षे आम्ही शेजारी आहोत आणि अजून एकमेकींना अहो-जाहोच करतो, पण त्या दिवशी त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "प्योशेलबाई, ही काय शाळेची परीक्षा वाटली काय तुम्हाला? इथं जो नापास होतो त्यालाच मदत मिळते. साडेबारा गुण लागतात, तुम्हाला सव्वा अकरा पडलेत. आता कारोलाचं काय?" मी म्हणाले, "कारोलाचं काय म्हणजे?" मग त्यांनी मला पहिल्या मेचे आणि सहाच्या पाळीचे सांगितले. कारोलाने ते त्यांना जिन्यात सांगितले होते. मला सांगितले नव्हते.

संध्याकाळी मी कारोलाला म्हणाले, की एक महिन्याची मुदत आहे, हरकत घे. तिने विचारले, "काय लिहू त्यात? माझी आई खोटं बोलली असं लिहू? का मी बोलले असं लिहू? तिथं माझं नाव तुझ्या शब्दावर खोटं पडलंय, आई. माझ्या लिहिण्याला कोण विचारतंय?" हे ती रागाने म्हणाली नाही. माझे मोजे काढता काढता, खाली मान घालून म्हणाली. आवाज चढवला असता तर मला उलट बोलता आले असते.

म्हणून हरकत मी घेत आहे. माझे अक्षर नीट दिसते यावरून माझा हात ठीक आहे असा निष्कर्ष कृपया काढू नये. माझा उजवा हात सकाळी अकरा ते बारा एवढाच स्थिर असतो, आणि तेवढ्या वेळात दहा-बारा ओळी होतात. या अर्जाला एकोणीस दिवस लागले. बिघडलेले कागद सोबत जोडले आहेत, ते तज्ज्ञांना दाखवावेत.

७. मला जे करता येत नाही ते खालीलप्रमाणे आहे. हे मी पडदा ओढून घेऊन लिहीत आहे.

(अ) पायांना सूज येऊ नये म्हणून घालायचे घट्ट, दाबाचे मोजे मला घालता येत नाहीत, काढताही येत नाहीत. बटण डिसेंबरपासून एकही लावलेले नाही.

(आ) पाठ, पाय आणि केस मला धुता येत नाहीत. गार पाण्याची अंघोळ मी उभ्या जन्मात केलेली नाही. ते का म्हणाले, मला ठाऊक नाही.

(इ) शेगडी मी दोनदा चालू ठेवून विसरले. दुसऱ्यांदा हात पुसायचे फडके जळाले. ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात घातले आणि जळका वास कशाचा, तर शेजाऱ्यांनी काहीतरी लावले असेल, असे कारोलाला सांगितले. बिचाऱ्या शेजाऱ्यांनी त्या दिवशी काहीच शिजवले नव्हते.

(ई) हा मुद्दा मी सात वेळा लिहून सात वेळा फाडला. मला संडासापर्यंत वेळेवर पोचता येत नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस चादर बदलावी लागते. मी डायपर वापरते. लोझबाईंनी हे अगदी हळू आवाजात, चांगल्या शब्दांत विचारले होते आणि मी म्हणाले होते, "छे हो, तसलं काही नाही." ज्या खुर्चीत बसून मी हे म्हणाले, त्याच खुर्चीत त्या वेळी तो माझ्या अंगावर होता.

यावर आपल्याला अधिक पुरावा हवा असल्यास कळवावे. तो कसा द्यायचा ते मला सुचत नाही, पण मी देईन.

८. कारोलाने ती वही नंतर रद्दीच्या खोक्यात टाकली. आमच्याकडे कागद दर पंधरवड्याला नेतात, आणि माणसे दुसऱ्या दिवशी यायची होती. मला वाकता येत नाही. मी खोक्याशेजारी खुर्चीत बसून, सॉसेज परतायच्या लांब चिमट्याने ती बाहेर काढली. याला चाळीस मिनिटे लागली, आणि त्यात दोन वेळा वही परत खाली पडली. तपासनीस बाईंनी त्या दिवशी मला पाहिले असते तर साडेबारा गुण जागच्या जागी मिळाले असते.

वही मी पहिल्यांदाच वाचली. सत्त्याहत्तर पाने आहेत. एकेक पान करत मी ती वाचली, आणि खरे असेल त्या पानाच्या खाली सही करायची असे ठरवले. एकतीस वर्षांची सवय म्हणून मी चूक शोधत होते, हेही सांगते. तिने कुठेतरी पाच मिनिटांची पंधरा केली असतील, एखादी चादर जास्तीची धरली असेल, असे मनात होते. तसे एकही सापडले नाही. मोजे वीस मिनिटे म्हणजे वीसच, कारण मी त्या वेळी रेडिओवरच्या बातम्या ऐकत असते आणि हवामानापर्यंत दुसरा मोजा चढतो. शेवटचे पान तपासणीच्या दिवसाचे आहे. त्यावर तिने लिहिले आहे, 'तपासणी झाली. आई फार दमली. संध्याकाळी पाय चोळून दिले, पंचवीस मिनिटे.' बाकी काही नाही.

९. मात्र ९ फेब्रुवारीच्या पानावर मी थांबले. त्यावर असे आहे : 'सकाळ शांत. विशेष काही नाही.' हे खोटे आहे. त्या सकाळी कारोला माझ्याखालची चादर ओढत होती आणि मला थंडी वाजत होती. मी उशाजवळचा लाकडी पाठीचा केसांचा ब्रश उचलून तिच्या तोंडावर मारला. भुवईच्या वर लागले. रक्त उशीवर पडले. तिने आधी मला कोरडे केले, कपडे घातले, खुर्चीत बसवले, मग भुवईवर रुमाल धरून डॉक्टरकडे गेली. दोन टाके पडले. संध्याकाळी त्सीम्सबाईंनी विचारले तेव्हा तिने सांगितले, कपाटाचे दार लागले. आणि मी बाजूलाच बसून म्हणाले, "हिचं लक्षच नसतं कुठं."

आणखी अशी चार पाने आहेत. २३ जानेवारीला मी तिला म्हणाले होते, की तुझ्यापेक्षा पगारी बाई बरी, ती निदान तोंड पाडून बसणार नाही. वहीत त्या दिवशी 'बटाट्याचे सूप, दीड वाटी, आवडले' असे आहे. सूप मी भिंतीवर फेकले होते. डाग अजून आहे, वर कॅलेंडर लावले आहे. बाकीची तीन पाने मी इथे उतरवत नाही. त्या त्या पानाच्या खाली, खरे काय झाले ते मी माझ्या हाताने लिहून सही केली आहे, ते आपण तिथे वाचावे.

आता आपल्या अहवालाचे पृष्ठ पाच कृपया उघडावे. लोझबाईंनी विचारले होते, की राग अनावर होतो का, कधी कुणावर हात उगारला जातो का. मी नाही म्हणाले. त्यांनी कारोलाकडे पाहिले, आणि कारोला म्हणाली, "नाही. आई तशी नाहीये." तिच्या भुवईवरची खूण तेव्हा अजून गुलाबी होती, तिने त्या दिवशी केस पुढे घेतले होते.

या प्रश्नालाही गुण आहेत, असे त्सीम्सबाई सांगतात. म्हणजे त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी खोटे बोललो. मी माझी अब्रू राखायला बोलले, आणि तीही माझीच अब्रू राखायला बोलली. तिने वाढवून काहीच सांगितले नव्हते, झाकून मात्र पुष्कळ ठेवले होते. पृष्ठ सातवर हेच उलटे छापले गेले आहे आणि त्याला कारण मी आहे. त्या वाक्याशी माझे नाव जोडलेले आहे, या विचाराने मला त्सीम्सबाईंच्या तोंडाकडेही बघवत नाही.

१०. फेरतपासणी मंजूर झाल्यास ती पुढीलप्रमाणे व्हावी, ही विनंती. आगाऊ कळवू नये. सकाळी साडेसहाच्या आत, कारोलाने माझे केस विंचरण्यापूर्वी यावे. किल्ली त्सीम्सबाईंकडे मिळेल, त्यांना मी सांगून ठेवले आहे. खुर्चीवरच्या उशा आधी काढून घ्याव्यात. न्हाणीघरात टॉवेलखाली काय आहे ते उचलून पाहावे. मी कॉफी विचारीन, ती नाकारावी. केकही नाकारावा. मी आग्रह करीन, तरी नाकारावा. "करते की मी" असे मी कशालाही म्हणाले तर जागच्या जागी करून दाखवायला लावावे आणि माझी दया येऊ देऊ नये. कारोलाचे म्हणणे दुसऱ्या खोलीत, दार लावून घ्यावे. मला आतल्या खोलीत बसवावे. आणि एवढे करूनही माझे तोंड आपोआप चालू लागले, तर हा अर्ज मला मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे मी गप्प बसेन.

हे सर्व मी वेड लागल्यामुळे लिहीत नाही. तसे वाटत असल्यास त्याचे जे काही गुण असतील ते द्यावेत.

११. श्रेणी मिळणे न मिळणे हा आपला अधिकार आहे. ती मिळाली नाही तरी पृष्ठ सातवरचे ते वाक्य खोडून, 'मुलीने सांगितले त्याहून परिस्थिती बिकट आहे आणि मुलीने आईला सांभाळून घेतले आहे' असे लिहावे, ही माझी स्वतंत्र विनंती समजावी. छापील कागदावर तिचे नाव सरळ व्हायला हवे. निर्णयाची एक प्रत तिच्या नावाने पाठवावी.

१२. शेवटची बाब कार्यालयीन नाही, तरी आपल्या माहितीसाठी नमूद करते. कारोलाची मी अजून माफी मागितलेली नाही. गेले एकोणीस दिवस रोज मागायला बसते. ती समोर येते, मोजे हातात घेते, आणि माझ्या तोंडून निघते, "किती उशीर." आमच्या घरात एकमेकींशी तसे बोलायची रीत पडली नाही. माझी आई माझ्याशी कधी बोलली नाही, मीही कारोलाशी बोलले नाही. अर्ज कसा लिहायचा ते मात्र मला येते.

टपालपेटी कोपऱ्यावर आहे आणि तीन मजले मला उतरता येत नाहीत. हे परिच्छेद सातमध्ये लिहायचे राहिले, तेही धरावे. त्सीम्सबाई पाकीट टाकायला तयार आहेत. पण मी ते त्यांना देणार नाही, कारोलाला देणार आहे. पाकीट मी चिकटवलेले नाही. ते आपल्याकडे चिकटवलेले पोचले, तर कारोलाने आतले वाचले आहे आणि मग आपल्या हाताने ते बंद केले आहे, अशी नोंद घ्यावी.

आपल्या कार्यालयाची अपराधी, आणि या वेळी खरे लिहिणारी,

(सही)
इर्मट्राउट प्योशेल
लिंडेनरोडा, दि. २२ एप्रिल २०२४

सोबत :
कारोला प्योशेल यांची देखभालीची वही, ७७ पाने, प्रत्येक पानाखाली माझी सही. पाच पानांवर माझ्या हाताने केलेल्या दुरुस्त्या.
अहवालाच्या पृष्ठ पाच व सातच्या प्रती.
या अर्जाचे बिघडलेले कागद, ४३.